विश्लेषण : नावापुढे ‘एमडी’ नाही, तरीही पूर्ण डॉक्टर! अमेरिकेतील ‘डीओ’ पदवी काय आहे?

ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना करोनाची लागण झाली, तेव्हा व्हाइट हाऊसचे डॉक्टर शॉन कॉनली यांच्या पदवीचीही चर्चा झाली. ते ‘एमडी’ नव्हे, ‘डीओ’ होते. पुढे जो बायडेन यांचे डॉक्टर केव्हिन ओकॉनर हेही ‘डीओ’च होते. अमेरिकेत एक चतुर्थांशाहून अधिक वैद्यकीय विद्यार्थी आज या वाटेने जात आहेत.

‘डीओ’ म्हणजे कोण?

‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’. नावावरून अस्थिरोगतज्ज्ञ असा समज होतो. आपल्याकडे तर ‘डीओ’ ही नेत्ररोगाची पदविका. अमेरिकेतील डीओ मात्र औषधे लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात आणि कोणत्याही शाखेत विशेषज्ञ होऊ शकतात.

सुरुवात कशी झाली?

१८६४ मध्ये अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांच्या घरातील तीन मुले मेंदूज्वराने दगावली. तत्कालीन औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीराची रचना आणि कार्य यांचा एकत्रित विचार करणारी पद्धत त्यांनी मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे पहिले महाविद्यालय काढले.

मान्यता सहज मिळाली का?

नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात ६५ डॉलर भरून डीओंना ‘एमडी’ करून घेतले गेले आणि नव्या डीओंना परवाने देणे थांबले. १९७४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पुन्हा सुरू झाले. २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची मान्यता व्यवस्था एकच आहे.

शिक्षण किती वर्षांचे?

पदवीनंतर ‘एमकॅट’ परीक्षा, चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि शाखेनुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. एमडीपेक्षा वेगळे म्हणजे स्नायू व सांधे हातांनी तपासण्याचे आणि उपचारांचे सुमारे २०० तासांचे प्रशिक्षण. परवान्यासाठी ‘कॉमलेक्स’ परीक्षा असते. अनेक जण ‘यूएसएमएलई’ही देतात.

समाधान कुठे, अडचण कुठे?

निम्म्याहून अधिक डीओ प्राथमिक आरोग्यसेवेत आहेत. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ठरावीक वर्षे काम केल्यास शैक्षणिक कर्ज फेडण्यास सरकारी योजनेची मदत मिळते. एकाच कुटुंबावर वर्षानुवर्षे उपचार करण्याची आवड असलेल्यांना हे काम मानवते. मात्र अत्यंत चुरशीच्या शाखांमध्ये डीओंना प्रवेश मिळवणे आजही अधिक कठीण जाते. हातांच्या उपचारांना कंबरदुखीत काही आधार आहे. इतर अनेक दाव्यांचे पुरावे तोकडे आहेत. अनेक डीओ व्यवसायात ते क्वचितच वापरतात. त्यामुळे ‘एमडीला प्रवेश नाही, म्हणून डीओ’ एवढाच विचार असेल, तर पुढे ‘म्हणजे नक्की कोण?’ हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो आणि तो बोचतो.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

अमेरिकेतील ‘ऑस्टिओपॅथिक फिजिशियन’ आणि ब्रिटन-युरोपातील ‘ऑस्टिओपॅथ’ एक नव्हेत. दुसरे हातांनी उपचार करणारे थेरपिस्ट; त्या शिक्षणावर अमेरिकेत डॉक्टर होता येत नाही. एमबीबीएस झालेल्यांना तर अमेरिकेत जाण्यासाठी डीओ पदवीची गरजच नाही. त्यांचा मार्ग यूएसएमएलई आणि रेसिडेन्सीचा. त्यामुळे ‘ऑस्टिओपॅथी’च्या अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या पदवीवर रुग्णाला औषध लिहून देण्याचा परवाना मिळतो का, आणि कोणत्या देशात?