जिवंत कोकरात मांस किती? सोनोग्राफीनं कळतं

अकोला : कोकराचा सौदा होताना व्यापारी पाठीवर हात फिरवतो, उचलून पाहतो अन् भाव सांगतो. पण पोट भरलेलं असलं की वजन वाढतं, लोकर दाट असली की जनावर भरदार दिसतं. आत मांस किती, चरबी किती, हे डोळ्यांनी कळत नाही.

ते सोनोग्राफीनं कळतं. गाभण तपासतात तेच हे तंत्र. शेवटच्या बरगडीजवळ, कण्याच्या बाजूची लोकर कापून जेली लावतात अन् प्रोब टेकवतात. ध्वनिलहरी चरबी व मांसाच्या थरांवरून परत येतात अन् पडद्यावर दोन्ही थर दिसतात. त्यांची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. कोकराला इजा होत नाही.

ब्रिटन, ऑस्ट्रेलियात पैदाशीचा मेंढा निवडताना हे माप पाहतात, कारण हा गुण काही अंशी पिल्लांत उतरतो. तुलना मात्र एकाच वयाच्या, सारख्याच चाऱ्यावरच्या कोकरांची करावी लागते.

आपल्याकडं नुकसान इथंच होतं. बकरी ईदला सगळ्यात भरदार नर आधी विकला जातो अन् मागं राहिलेला कळपाचा बाप होतो. बेरारी बोकडाचंही तेच.

मशीन नसली तरी हात आहे. शेवटच्या बरगडीमागं कण्यावर बोटं दाबा. हाडं टोचली तर जनावर रोड, हाड लागलंच नाही तर चरबी जास्त, दाबल्यावर गोलसर लागलं तर ठीक. मशीनची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय स्नातकोत्तर संस्थेत करता येईल. पण चांगला नर ईदच्या आधीच बाजूला काढा.