स्टील गिटारला ट्यूनर कोणता घ्यावा? हिरवा दिवा लागतो, तरी गांधार टोचतो तेव्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना फुटलेले फाटे कापलेत, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा आहे. बरीच वर्षं मांडीवर आडवी हवाईयन गिटार वाजवतात, आता सेकंडहँड पेडल स्टील घेतलीय. ते विचारतात, "क्लिपवाल्या ट्यूनरवर दहाच्या दहा तारा हिरव्या येतात. पण तीन तारा एकत्र छेडल्या की कानाला टोचतं. महागडा ट्यूनर घेऊ, की माझा कानच कच्चा आहे?"

आधी उत्तर सांगतो, मग कारण. भाऊ, तुमचा कान बरोबर आहे. ट्यूनरही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजताहेत, एवढंच.

आधी वाद्याबद्दल दोन शब्द

आडवी गिटार आपल्याला नवी नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी ती गाजवली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' अजून घरोघरी ऐकला जातो. पेडल स्टील ही त्याच घराण्यातली, पण चार पायांवर उभी. 'ई नाइन' या नेहमीच्या जुळणीत दहा तारा, साधारण तीन पेडल आणि चार-पाच गुडघ्याचे लिव्हर. पेडल दाबलं की आतल्या सळईने तार ताणली जाते आणि सूर वर चढतो. म्हणून इथे दहा तारा लावून काम संपत नाही. पेडल दाबल्यावर येणारा प्रत्येक सूरही वेगळा लावावा लागतो.

टोचणारा गांधार

ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्याच्या हिशेबाने शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर. पण नीट लागलेल्या तंबोऱ्यात जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो खर्जाच्या तारेच्या पाचव्या आंशिक स्वरातून येतो. त्याचं षड्जाशी नातं ५:४, म्हणजे ३८६ सेंट. फरक १४ सेंटचा.

१४ सेंट म्हणजे किती? पांढरी एकचा षड्ज २६१.६३ हर्ट्झ. त्याचा पाचवा आंशिक स्वर १३०८ हर्ट्झला येतो. ट्यूनरने लावलेल्या गांधाराचा चौथा आंशिक स्वर येतो १३१८.५ ला. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दहा वेळा थरथर होते. तुम्हाला टोचतंय ते हेच. पेटीतही हे असतंच, पण तिथे सूर झटपट बदलतात, कान सांभाळून घेतो. स्टील गिटारचा सूर लांबतो, त्यामुळे थरथर लपत नाही.

म्हणून पेडल स्टीलवाले 'ई' तार बरोबर शून्यावर ठेवतात आणि 'जी शार्प' सुमारे १४ सेंट उतरवतात. 'बी' २ सेंट चढी. पेडल दाबून येणारा 'ए' २ सेंट उतरा, 'सी शार्प' सुमारे १६ सेंट उतरा.

गुंता 'एफ शार्प'चा आहे. 'बी'शी पंचम जुळवायचा तर तो ४ सेंट चढा हवा. 'ए' आणि 'सी शार्प'शी जुळवायचा तर १८ सेंट उतरा. एकच तार, दोन जागा, मध्ये २२ सेंट. गाणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: चतुःश्रुती रिषभ आणि त्रिश्रुती रिषभ यांच्यातलं अंतर तेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहून याच वादात उतरले होते. गायक रिषभ प्रसंगानुसार हलवू शकतो, खुंटीवर बांधलेली तार हलत नाही. म्हणून प्रत्येक वादक थोडी तडजोड करतो, आणि काही जण तर सगळंच सरळ ४४० च्या हिशेबाने लावतात.

मग ट्यूनरमध्ये काय बघायचं?

पहिलं, सेंटचे आकडे दिसले पाहिजेत. नुसता लाल-हिरवा दिवा इथे निरुपयोगी. हिरवा म्हणजे शून्य, आणि आपल्याला तर बऱ्याच तारा शून्यावर नकोच आहेत.

दुसरं, संदर्भ सूर बदलता आला पाहिजे. ४४० च्या आसपास १ हर्ट्झ म्हणजे साधारण ४ सेंट. ट्यूनरचा 'ए' ४३६ वर ठेवून 'जी शार्प' हिरवा केला, तर तो १६ सेंट उतरा लागतो. ४३७ वर ठेवला तर १२. खरी जागा या दोन्हींच्या मध्ये. बॉस टीयू-३ सारख्या पेडल ट्यूनरवर ४३६ ते ४४५ पर्यंत जाता येतं, म्हणजे काम जेमतेम भागतं. काही साध्या ट्यूनरची हद्द यापेक्षा मोठी असते. घेण्याआधी डब्यावरचा तो आकडा वाचा.

तिसरं, केबल लावायची सोय. क्लिप ट्यूनर लाकडाची-लोखंडाची कंपनं ऐकतो, त्यात शेजारच्या तारा आणि सळयांची खडखड मिसळते. पिकअपमधून केबलने आलेला सूर स्वच्छ असतो. तुमच्या व्हॉल्यूम पेडलला ट्यूनरचं वेगळं आउटपुट असेल तर उत्तमच, आवाज बंद ठेवून तार लावता येते.

चौथं, स्ट्रोब हवा का? पीटरसनचे स्ट्रोब ट्यूनर ०.१ सेंटपर्यंत दाखवतात, आणि त्यांच्या काही मॉडेलांत 'ई नाइन'साठी तयार जुळणी असते: प्रत्येक तारेचा उतार-चढाव आधीच भरलेला. आठवड्याला बाहेर कार्यक्रम करत असाल तर पैसे वसूल. घरी शिकत असाल तर आकडे दाखवणारा साधा ट्यूनर आणि एक कागदी तक्ता पुरतो.

फोनचं ॲप चालेल का?

चालेल, पण आधी त्याची परीक्षा घ्या. आम्हा दीपनगरवाल्यांना ही परीक्षा सुचणं साहजिक आहे. इथल्या ५०० मेगावॉटच्या संचाचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. तोच वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झ. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो.

१०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातला 'जी', ३५ सेंट चढा. ग्रिडच्या नियमाप्रमाणे वारंवारता ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते. सेंटमध्ये ही पट्टी जेमतेम ५ ची! म्हणजे गुणगुणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाबाहेर सुरक्षित अंतरावर उभं राहून ॲप लावलं, तर 'जी' आणि साधारण ३१ ते ३७ सेंट दिसायला हवं. 'जी शार्प'च्या खाली ३३ वगैरे दिसलं, तर ॲपचा संदर्भ सूर ४३२ वर गेलाय, सेटिंग तपासा. आकडा सारखा नाचत असेल तर ते ॲप किंवा फोनचा माइक या कामाचा नाही.

आणि हो, मे महिन्यात कूलर चालू ठेवून फोनने तार लावू नका. माइक तार सोडून कूलरच ऐकतो.

लावायचा क्रम

वाद्य ज्या खोलीत वाजवायचं तिथे अर्धा तास आधी ठेवा. पोलाद गरम झालं की सैल पडतं आणि सूर उतरतो. एसीतून खानदेशी उन्हात आणलेली गिटार सुरात राहणार नाही.

मग आधी 'ई' तारा, त्यांच्यावरून 'बी', मग 'जी शार्प'. त्यानंतर एकेक पेडल दाबून उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी वरचे सूर. आता दोन पेडल दाबून ठेवा आणि न ताणलेल्या 'ई' तारेकडे बघा. ती काही सेंट उतरलेली दिसेल. यात ट्यूनरचा दोष नाही, ताणामुळे सांगाडाच किंचित वाकतो. हा आकडा प्रत्येक वाद्याचा वेगळा, तो लिहून ठेवा आणि मोकळ्या 'ई'ला तेवढ्याच्या निम्म्याने चढं ठेवून बघा.

शेवटी ट्यूनर बंद करा, तंबोरा किंवा तंबोऱ्याचं ॲप 'ई'वर लावा आणि 'जी शार्प' कानाने तपासा. थरथर थांबली की थांबा. तिथे ट्यूनर काय दाखवतो ते तक्त्यात लिहा. पुढच्या वेळेपासून तोच तुमचा हिरवा दिवा.

पुढच्या भागात पिकअपमध्ये शिरणारी ५० हर्ट्झची घरघर आणि अर्थिंग. प्रश्न पाठवत राहा. भेटू.