खिशातला पाम, वॉर्डातल्या आजी
"काय हो, ड्युटीवर गेम खेळताय?" २००४ साली मी वॉर्डात पहिल्यांदा पाम काढला, तेव्हा सिस्टर भडकल्याच. तळहाताएवढा कॉम्प्युटर, सोबत स्टायलस. एकदम कूल!

हॉस्पिटलचा फार्मसिस्ट म्हणजे गोळ्या मोजणारा, असं तुम्हालाही वाटतं ना? मग या आजींची केस ऐका. वय ७८, वजन ४५ किलो. रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन ४५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. क्रिएटिनिन १.६, म्हणजे तसं फार भयानक नाही. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं १९७६ चं सूत्र वय, वजन, बाई की पुरुष, सगळं धरतं. आकडे टाकले. किडनीची गाळण मिनिटाला जेमतेम २१ मिली! ३० च्या खाली हे इंजेक्शन दिवसातून एकदाच. नाहीतर रक्तस्रावाचा धोका. तळघरातल्या फार्मसीत जाऊन जाडजूड पुस्तक उघडेपर्यंत दुसरा डोस गेला असता. डॉक्टरांना स्क्रीन दाखवली. त्यांनी गुपचूप ऑर्डर बदलली. (थँक्यू वगैरे नाही हं!)

पाम आता ड्रॉवरमध्ये पडलाय, हातात टॅब आलाय. वजन मात्र मी अजूनही पेशंटलाच विचारतो. फाइलमधलं बऱ्याचदा अंदाजपंचे असतं, आणि टॅब बिचारा तेच खरं मानून चालतो.