यंत्राचा चेंडू आणि फटक्याची वेळ

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, ज्या पट्टीवर पाय रोवतो तेथून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच (सुमारे १८.४४ मीटर) असते, परंतु तो पाऊल पुढे टाकून चेंडू सोडत असल्यामुळे ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदातच फलंदाजापर्यंत येतो. चेंडू पूर्ण पाहून मग बॅट फिरवण्यास हा अवधी पुरत नसल्याने फलंदाज पिचरचा पाय, खांदा व हात यांच्या हालचालींशी आपली लय आधीच जुळवून घेतो, आणि चेंडू फेकणाऱ्या सरावयंत्राची उणीव नेमकी येथेच आहे, कारण त्यात अशा हालचाली दिसत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकवणारे चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांनी १८९७ मध्ये असे यंत्र तयार केले. चौथ्या मितीवर लिहिणाऱ्या या विद्वानाने त्यात चक्क बंदुकीची दारू वापरली होती. आजच्या प्रचलित यंत्रांत दोन फिरत्या चाकांच्या फटीतून चेंडू फेकला जातो आणि चाकांच्या वेगांत फरक ठेवला की त्याला फिरकी मिळते. वेग व दिशा यांत सातत्य असल्याने फटक्याचे तंत्र घोटण्यास ही यंत्रे उपयुक्त ठरतात. तथापि एकाच वेगाची सवय जडल्यास वेळेचा अंदाज त्या यंत्रापुरताच पक्का होतो, म्हणून जाणते प्रशिक्षक वेग बदलत राहतात आणि चेंडू यंत्रात सोडण्यापूर्वी हात उंचावून फलंदाजाला दाखवतात. ट्रॅजेक्ट आर्क या अलीकडच्या यंत्रात प्रत्यक्ष पिचरची चित्रफीत पडद्यावर दाखवून चेंडू त्याच्या हातातूनच सुटल्याचा भास निर्माण केला जातो. क्रिकेटच्या साध्या गोलंदाजी यंत्रालाही रन-अप आणि मनगट नसल्यामुळे हीच मर्यादा लागू होते.