गणपतीसाठी गावी जाणारी औषधे

भाद्रपद मास समीप आला की बदलापूर पश्चिमेकडील सोनिवली परिसरातील चाकरमानी कुटुंबांची कोकणात जाण्याची लगबग सुरू होते. कोणी एस. टी.च्या जादा गाडीने, तर कोणी दिवा किंवा पनवेल स्थानकातून रेल्वेने गाव गाठतो. आईसाठी साडी, मुलांसाठी खाऊ, मिठाईचे पुडे, आरतीचे साहित्य या सामानात आयुर्वेदीय औषधांची पिशवीही हमखास असते. "आईचे गुडघे दुखतात, काही बांधून द्या", "वडिलांचा खोकला जुना आहे, एक बाटली द्या" अशी मागणी या दिवसांत आपणां सर्वांकडे होते. तीमागील भावना निर्मळच असते; परंतु न पाहिलेल्या रुग्णास भेट म्हणून औषध पाठविणे कितपत योग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

वाग्भटाचार्यांनी चिकित्सेपूर्वी दूष्य, देश, बल, काल, अग्नी, प्रकृती, वय, सत्त्व, सात्म्य आणि आहार यांचे परीक्षण सांगितले आहे. येथे बसून आपणांस त्यांपैकी देश, काल आणि सणाचा आहार एवढेच ठाऊक असते. देश आनूप, काल वर्षा ऋतूच्या अखेरीचा, म्हणजे अग्नी मंद, वात प्रकुपित आणि पित्ताचा संचय झालेला, आहार उकडीच्या मोदकांसारखा गुरू व मधुर. उरलेल्या बाबी गावी असलेल्या रुग्णाजवळच असतात.

नित्याच्या औषधांनी अपाय होत नाही, हा समज रुग्णांत दृढ आहे. तो किती फसवा आहे, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानी येईल.

१. लवणभास्कर चूर्ण : सणाच्या जेवणानंतर घरातील सर्वजण ते घेतात. त्यात अनेक लवणे मोठ्या प्रमाणात असल्याने रक्तदाब, शोथ वा वृक्कविकार असलेल्या वृद्धास ते वर्ज्य समजावे.

२. सितोपलादि व अविपत्तिकर चूर्ण : सितोपलादिच्या 31 भागांत 16 भाग खडीसाखर असते. अविपत्तिकरात अन्य सर्व द्रव्यांच्या वजनाइतकी साखर असते. मधुमेही व्यक्तीस ही चूर्णे दीर्घकाळ देणे इष्ट नाही.

३. त्रिभुवनकीर्ती रस : तापासाठी अनेक घरांत तो ठेवलेला असतो. त्यात हिंगूळ व वत्सनाभ आहेत. मात्रा चुकल्यास वत्सनाभामुळे हृदयाची गती बिघडू शकते. अशी औषधे भेटीच्या पिशवीत मुळीच जाऊ नयेत.

यास्तव वैद्यबंधू-भगिनींनी मागणी झाल्यास प्रथम रुग्णाशी दूरध्वनीवर बोलावे. वय, मधुमेह-रक्तदाबादी व्याधी, चालू असलेली औषधे (विशेषतः रक्त पातळ करणारी), भूक आणि मलमूत्रप्रवृत्ती एवढे तरी विचारावे. समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास पोटात घेण्याचे औषध देऊ नये; तेल व शेक एवढ्यावर थांबावे. सांध्यास सूज व उष्णता असेल, तर तेलही न देता स्थानिक वैद्यांकडे पाठवावे. जे रुग्ण स्वतः प्रवासास निघतात, त्यांना मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांचे औषध अधिक द्यावे व ते हातातील पिशवीत ठेवण्यास सांगावे. मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे सणापुरतीही बंद करू नयेत, हे स्पष्ट बजावावे.

औषधी दुकानदारांची जबाबदारीही तितकीच मोठी आहे. औषधे नियम, 1945 मधील नियम 161 अन्वये वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असणे आवश्यक आहे. अनुसूची ई(1) मधील विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही छापावी लागते. सुटी पुडी बांधली की ही सारी माहिती दुकानातच राहते. म्हणून मूळ बंद वेष्टनच द्यावे आणि सोबत ठळक मराठी अक्षरांत औषधाचे नाव, मात्रा, अनुपान, किती दिवस घ्यावयाचे ते व आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी जोडावी.

कोकणातील दमट हवेत कागदी पुडीतील चूर्णास ओल लागून गुठळ्या होतात व बुरशी धरते. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह वर्षानंतर हीनवीर्य होतात असे म्हटले आहे. गतवर्षीच्या गणपतीत नेलेले चूर्ण फडताळात उरले असेल, तर ते टाकून देण्यास आवर्जून सांगावे.

गावाहून परतणारा रुग्ण आपल्यासाठी प्रेमाने कोकम वा कुळथाचे पीठ आणतो. त्यासोबत आई-वडिलांच्या तपासण्यांचे कागद आणि चालू औषधांची यादीही आणण्यास त्याला निघतानाच सांगावे. शक्य असल्यास दिवाळीत वृद्धांनाच इकडे बोलावून घेण्याचे सुचवावे. नाडी, जिव्हा व कोष्ठ पाहून दिलेले औषध त्यांना अधिक उपयोगी पडेल, आणि मुलाच्या मनातील काळजीही खऱ्या अर्थाने हलकी होईल.