‘आधी चौकशी करू’ असे ठाण्यात सांगितले तर?

ढोकीत आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्या बंधू-भगिनींचे गाऱ्हाणे बहुधा एकच : ‘आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू, असे सांगून परत पाठविले.’ अॅट्रॉसिटी कायद्यात या उत्तराला आधार नाही.

हा घोळ वाढला तो कराडच्या औषधनिर्माण महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून गाजलेल्या खटल्यात. सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली, अटकेपूर्वी परवानगीची अट घातली. २ एप्रिलला समाज रस्त्यावर उतरला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ आणले : चौकशीची गरज नाही, परवानगीचीही नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ वैध ठरविले. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर आरोपीला अटकपूर्व जामीन मिळू शकतो. म्हणून फिर्यादीत जागा, वेळ, उच्चारलेले शब्द, साक्षीदार नेमके लिहावेत.

१ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या चौकशीची सोय आहे. तिच्याकडे बोट दाखविले तर १८-अ पुढे करावे. हद्दीचे कारण चालत नाही. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. नकार आलाच तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे, आणि पोचपावती जपून ठेवावी. पुढे न्यायालयात तीच लागते.