संगमावरची वल्ही: सीओईपीचा बोट क्लब आणि रिगाटा

पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा बोट क्लब मुळा-मुठेच्या संगमाजवळ नदीकाठी आहे. ‘रिगाटा’ हा नौकानयनाचा वार्षिक सोहळा येथे भरतो आणि त्याची परंपरा 1928 पासूनची मानली जाते. देशातील मोजक्याच शिक्षणसंस्थांकडे स्वतःचा घाट, स्वतःच्या बोटी आणि इतकी जुनी नौकानयनाची परंपरा आहे. समुद्र सह्याद्रीपलीकडे असलेल्या या शहरात ती रुजली, याचे कारण नदीवरच्या एका बांधात आहे.

मुळा आणि मुठा या पावसाळी नद्या आहेत. पावसाळा सरला की त्यांचे पात्र खडकाळ आणि उथळ होते, आणि अशा पात्रात शर्यतीची बोट चालवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संगमाच्या खालच्या अंगाला, आजच्या बंडगार्डनपाशी, नदीवर बांध घालण्यात आला. लष्कर भागाला पाणी पुरवणे हा त्याचा मूळ हेतू होता. खर्चाचा मोठा वाटा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी उचलला. बांधामागे पाणी साठू लागले आणि त्याचा फुगवटा वर संगमापर्यंत पोहोचला. त्यातून कमी ओढीचा, जवळजवळ स्थिर पाण्याचा लांब पट्टा शहराला मिळाला. पुण्यातील नौकानयनाचा पाया हाच आहे. ब्रिटिश मंडळींनी या पाण्यावर 1868 मध्ये क्लब काढला. पुढे तो रॉयल कॅनॉट बोट क्लब म्हणून ओळखला गेला. पुणे कॅम्पजवळच्या बोट क्लब रस्त्याचे नाव त्याच्यावरून आलेले आहे, सीओईपीच्या बोट क्लबवरून नव्हे. नवख्या माणसाची येथे हमखास गल्लत होते.

सीओईपी ही संस्था या क्लबांहून जुनी आहे. जुलै 1854 मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने ती सुरू झाली. रस्ते, पूल, कालवे आणि इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्याला दुय्यम अधिकारी हवे होते, ते तयार करणे हे तिचे पहिले काम होते. 1865 मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संगमाजवळच्या मुख्य इमारतीची पायाभरणी केली. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले, काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखले गेले आणि त्या काळात तेथे विज्ञान व शेतकीचेही शिक्षण मिळे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक त्याचे प्राचार्य होते आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या विद्यार्थी. 1911 मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना’ हे नाव आले. पुढील शतकभर विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेली चार अक्षरे त्याच नावातून निघाली.

नदीला लागून आवार आणि पाणी, यंत्रे व बांधकाम यांत गढलेले विद्यार्थी असे दोन्ही एकत्र आल्यावर बोटी येणे स्वाभाविक होते. क्लबाचे रोजचे कामकाज आणि रिगाटाची आखणी विद्यार्थीच सांभाळतात. वरच्या वर्गातले खालच्यांना शिकवतात, आणि वल्हे कसे धरायचे यापासून बोट उलटली तर काय करायचे इथपर्यंतचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या असेच पुढे जाते. दर चार वर्षांनी सगळे खेळाडू बदलतात, तरी परंपरा तुटत नाही. या संस्थेचे खरे बळ तेच आहे.

क्लबात तीन प्रकारच्या बोटी महत्त्वाच्या. पंट ही सपाट तळाची रुंद बोट असते. ती सहजी उलटत नाही, त्यामुळे पाण्यावरच्या सामूहिक रचनांसाठी तीच कामाची. कयाक अरुंद आणि हलकी असते. तिच्यात बसणारा पुढे तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या एका वल्ह्याने आळीपाळीने डावे-उजवे पाणी मागे सारतो. शेल ही शर्यतीची बोट लांब आणि निमुळती असते, आणि तिचे गणित अगदी वेगळे आहे. वल्हवणारे ज्या दिशेला जायचे तिकडे पाठ करून बसतात. बैठक रुळावर पुढे-मागे सरकते, म्हणून जोर नुसत्या दंडातून न येता आधी पायांतून, मग पाठीतून आणि शेवटी हातांतून वल्ह्यात उतरतो. पाते पाण्यात एकाच क्षणी शिरणे आणि एकाच क्षणी बाहेर येणे, यावर बोटीचा वेग ठरतो. एकाचे वल्हे अर्धा क्षण मागे पडले तरी बोट डगमगते आणि बाकीच्यांचा जोर वाया जातो. कॉक्स असलेल्या बोटीत तो वल्हवत नाही. तो सुकाणू धरतो, लय सांगतो आणि समोरचे पाणी बघतो, कारण ते बघू शकणारा बोटीत तो एकटाच असतो.

रिगाटा हे नाव मूळचे व्हेनिसचे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत 1829 मध्ये झाली आणि हेन्लीचा रिगाटा 1839 मध्ये सुरू झाला. तेथे रिगाटा म्हणजे मुख्यतः शर्यत. पुण्यात त्याला वेगळे वळण लागले. शर्यती येथेही असतात, पण सीओईपीचा रिगाटा पुणेकरांना लक्षात राहतो तो त्यातल्या रचनांमुळे. संध्याकाळी नदीकाठी हजारो प्रेक्षक जमतात. कयाक बॅलेत अनेक कयाक संगीताच्या तालावर वळणे घेत एकमेकांतून आकृत्या गुंफतात. पंट फॉर्मेशनमध्ये रुंद बोटी ठरलेल्या क्रमाने जवळ येतात आणि दुरावतात. ॲरो फॉर्मेशनमध्ये बोटींची रांग बाणाच्या आकारात पुढे सरकते. मशाल नृत्य जमिनीवर होते. अंधारात शेकडो हातांची हालचाल एका मापात ठेवावी लागते, आणि त्यासाठी कित्येक आठवडे आधीपासून सराव चालतो. यातले बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर पहिल्यांदाच बोटीत बसलेले असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिस्तीची किंमत कळते.

नदीची अवस्था हा मात्र या क्रीडेपुढचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. शहर वाढले तसे सांडपाणी नदीत येऊ लागले. बांधामागचे पाणी संथ असल्यामुळे त्यावर जलपर्णी झपाट्याने पसरते. ती वल्ह्यांत अडकते, आणि दाट झाली की बोट जागची हलत नाही. त्यामुळे पाण्याचा मार्ग मोकळा करणे हा रिगाटाच्या तयारीचाच भाग होऊन बसला आहे. ज्या पाण्यात वल्हे टाकायचे ते आधी स्वच्छ करून घ्यावे लागणे ही खेळाडूंवर लादलेली गोष्ट आहे आणि ती शहराने लादली आहे. महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात संगमापासून बंडगार्डनपर्यंतचा पट्टाही येतो. क्लबासाठी काठाच्या बांधकामापेक्षा पाण्याची शुद्धता आणि पातळी अधिक मोलाची आहे.

पुण्याच्या नौकानयनाची दुसरी शाखा लष्कराची. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग केंद्र आहे, आणि देशाचे अनेक आघाडीचे खेळाडू तेथे घडले. चांदवड तालुक्यातील दत्तू भोकनळ यांनी लष्करात आल्यावर वल्हे हाती घेतले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी स्कल प्रकारात तेरावे आले, तर 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांच्या स्कल संघातून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. सीओईपीची वाट निराळी आहे. तेथे अभियंत्याचे शिक्षण मुख्य आणि वल्हे त्याच्या जोडीला असते.

विद्यापीठांच्या संघांची ओळख घडवण्यात नौकानयनाचा वाटा जगभर मोठा आहे. केंब्रिजचा फिकट निळा रंग 1836 च्या शर्यतीत बोटीला बांधलेल्या फितीपासून आला असे मानतात. अमेरिकेतल्या हार्वर्डचे संघ ‘क्रिमझन’ म्हणवतात. 1858 मधील एका शर्यतीत संघ प्रेक्षकांना ओळखू यावा म्हणून चार्ल्स एलियट आणि बेंजामिन क्राउनिनशील्ड या वल्हेकऱ्यांनी त्याला किरमिजी रुमाल दिले, त्यातून हे नाव आले. पुढे एलियट त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. भारतीय विद्यापीठांत वाघ, गरुड किंवा रंग यांच्या नावाने संघ ओळखण्याची रीत रुजली नाही. येथे संघ संस्थेच्या नावानेच मैदानात उतरतो. सीओईपीच्या बाबतीत ते नाव म्हणजे घरगुती वापरातली आद्याक्षरे होती. पूनाचे पुणे झाले तरी शेवटचे अक्षर तेच राहिले, आणि माजी विद्यार्थी स्वतःला ‘सीओईपीयन’ म्हणवू लागले.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालय त्याच्याशी संलग्न झाले. आंतरविद्यापीठ स्पर्धांत संलग्न महाविद्यालयाचा खेळाडू विद्यापीठाच्या नावाने उतरतो. त्यामुळे सीओईपीत घडलेला खेळाडू त्या पातळीवर पुणे विद्यापीठाचा म्हणून नोंदला जाई. 2022 मध्ये राज्य सरकारने कायदा करून संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला. नव्या नावात महाविद्यालयाचे पूर्ण नाव न घेता ‘सीओईपी’ हीच अक्षरे कायम ठेवण्यात आली, आणि विद्यार्थ्यांनी रूढ केलेले संक्षिप्त नाव अधिकृत झाले. स्वतंत्र विद्यापीठ झाल्यामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धेत स्वतःच्या नावाने संघ उतरवण्याची वाटही तिला मोकळी झाली.